मूठमाती देण्याआधी



येत्या बुधवारी आपण राखेचा बुधवार पाळणार आहोत आणि त्या दिवसापासून आपला प्रायश्चित्तकाळ सुरू होईल. कुणी सकाळी कामावर जाण्याआधी, तर कुणी संध्याकाळी गर्दीच्या गाडीतून घामाघूम होऊन उतरल्यावर देवळात येईल, रांगेत उभे राहील आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी जाईल. या दिवशी मिस्सेला येण्याचे बंधन नाही. तो आज्ञेचा सण नाही. तरीही देऊळ भरते. एरवी रविवारी न दिसणारे चेहरेही त्या दिवशी दिसतात. आणि हे सारे कशासाठी? आपण मातीचे आहोत आणि एक दिवस मातीतच मिळणार आहोत, हे ऐकून घेण्यासाठी!

लग्नाच्या मांडवात कुणी असे बोलले तर आपण त्याला गप्प करू. तिन्हीसांजेला घरात मरणाचे नाव निघाले की आई लगेच म्हणते, "शुभ बोल." दुकानदार बोहनीच्या वेळी असे काही ऐकून घेणार नाही. मग वर्षातून एकदा आपण रांग लावून हेच का ऐकतो? मरणाची आठवण माणसाला सुधारते की खचवते? या प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावर हा प्रश्न आपण थोडा शांतपणे पाहू या.

राख आणि दोन वाक्ये

ही राख बाजारातून आणलेली नसते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण ज्या झावळ्या हातात घेऊन मिरवणुकीत चाललो, त्याच जाळून ती केलेली असते. ज्या झावळ्या हलवून आपण प्रभूचा जयजयकार केला, घरी नेऊन क्रूसामागे खोवल्या, त्या वर्षभरात सुकल्या. आपल्या उत्साहाचेही असेच झालेले असते. मागच्या वर्षी केलेले निश्चय आठवून पाहा. त्यांतले हिरवे किती राहिले?

फार पूर्वी राख सर्वांना लावत नसत. ज्यांच्या हातून उघड आणि मोठे पाप घडले आहे, त्यांना ती लावली जाई आणि पुढचे दिवस ते सर्वांच्या देखत प्रायश्चित्त करीत. पुढे इतर भाविकही आपणहून त्यांच्या रांगेत उभे राहू लागले. १०९१ साली इटलीतील बेनेव्हेंतो येथील धर्मसभेत पोप दुसरे उर्बान यांनी ही प्रथा सर्वांसाठी ठरवून दिली. तेव्हापासून राजा आणि रयत, धर्मगुरू आणि भाविक एकाच रांगेत आले. बुधवारी जो धर्मगुरू तुम्हांला राख लावतो, त्यालाही ती लावली जाते.

राख लावताना म्हणायची दोन वाक्ये आहेत. जुने वाक्य आपल्याला आपल्या मातीची आठवण देते. दुसरे वाक्य दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साग्रंथात आले. ते आपल्याला मागे वळण्यास आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्यास सांगते. धर्मगुरू दोहोंतले एक निवडतात. काही जणांना दुसरे वाक्य बरे वाटते, कारण त्यात मरण नाही. पण मला वाटते, ही दोन वाक्ये एकमेकांना सोडून अर्थ देत नाहीत. पहिले सांगते की वेळ थोडा आहे. दुसरे सांगते की त्या थोड्या वेळात काय करता येईल. नुसते पहिले ऐकले तर माणूस हातपाय गाळेल. नुसते दुसरे ऐकले तर म्हणेल, "करू की पुढच्या वर्षी!"

मरायचेच आहे, तर...

मरणाच्या विचारावर माणसांनी पूर्वीपासून दोन-तीन उत्तरे काढून ठेवली आहेत. पहिले उत्तर असे की, मरायचेच आहे तर खाऊन-पिऊन घ्यावे. हे उत्तर इतके जुने आहे की संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना त्याची दखल घेतली. मेलेले उठणारच नसतील तर मग हे उत्तर बरोबर ठरेल, असे तो त्यांना बजावतो. दुसरे उत्तर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आपण असतो तेव्हा मरण नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचे कशाला? युक्तिवाद हुशारीचा आहे. पण यात एक गोष्ट सुटते. मरण नुसते माझे नसते. माझी आई मरते, माझा शेजारी मरतो, ज्याच्याशी मी दहा वर्षे बोललो नाही तो भाऊ मरतो, आणि मी मात्र मागे असतो. त्यांचे मरण माझ्या जगण्यात येते. तिथे एपिक्युरसचा युक्तिवाद माझ्या उपयोगी पडत नाही.

तिसरे उत्तर आपण सगळेच रोज देतो. ते म्हणजे विषय टाळणे. आपण जणू कायमचे इथे राहणार आहोत अशा हिशेबाने वागणे. आणि खरी गोम इथेच आहे. ज्याला वाटते की वेळ भरपूर आहे, तो चांगली कामे पुढे ढकलतो आणि रुसवे मात्र जपून ठेवतो. भांडण मिटवायला उद्या आहेच. आजारी मावशीला भेटायला पुढचा रविवार आहेच. पापनिवेदनाला ईस्टर जवळ आला की बघू. अमर माणसाला क्षमा करण्याची घाई कशाला असेल?

मरणाची आठवण आपल्याला ही घाई शिकवते. संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना मरण रोज डोळ्यांसमोर ठेवायला सांगितले. ते त्यांनी उदास बसून राहावे म्हणून नव्हते. त्याच नियमावलीत शेत, स्वयंपाकघर, पाहुणे आणि आजारी यांची किती बारकाईने काळजी घेतलेली आहे! आपल्या तुकोबांनीही जिवंतपणीच आपले मरण पाहिल्याचा अनुभव सांगितला, तो आनंदाने सांगितला. हिब्रू भाषेत आदाम हे नाव आणि मातीसाठीचा शब्द हे एकाच कुळातले आहेत. मातीचे असणे ही शिक्षेआधीची गोष्ट आहे. परमेश्वराने पहिल्या माणसाला मातीतून घडवले तेव्हा पाप अजून झाले नव्हते. त्याने त्या मातीत आपला श्वास फुंकला. म्हणून मातीचे असण्यात लाज नाही. मातीचे असून दगडाचे झाल्याची लाज वाटावी.

इथे एक सावधगिरी सांगतो. ज्यांच्या घरात नुकतेच मरण येऊन गेले आहे, त्यांना मरणाची आठवण करून द्यावी लागत नाही. त्यांच्यासाठी बुधवारची राख हा चाबूक नाही. लाजरसच्या कबरीपाशी प्रभू येशू स्वतः रडला, हे त्यांनी लक्षात ठेवावे. तुमच्या रडण्याला श्रद्धेची कमतरता कुणी म्हणू नये. आणि ज्यांना जगणेच नकोसे झाले आहे, मरणाचे विचार ज्यांची पाठ सोडत नाहीत, त्यांनी ते प्रायश्चित्त समजून एकट्याने सोसू नये. ते दुखणे आहे. घरी बोला, धर्मगुरूंशी बोला, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी मदत १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते.

मूठमाती

आपल्या मराठीत एक शब्द आहे, मूठमाती. दफनभूमीत पेटी खाली सोडली की आपण एकेक मूठ माती टाकतो. ती शेवटची सेवा. पण याच शब्दाचा आपण आणखी एक अर्थ करतो. वाईट चालीरीतीला मूठमाती द्यावी, वैराला मूठमाती द्यावी, असे आपण म्हणतो. म्हणजे जे संपवायचे ते कायमचे पुरून टाकायचे. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत आणि प्रायश्चित्तकाळाचा सारा उपदेश मला त्यात दिसतो. माणसाला मूठमाती देण्याची वेळ येण्याआधी वैराला मूठमाती द्यावी. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. माणूस पुरतो आणि वैर वर ठेवतो.

दफनविधीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हे पाहिलेले असते. कबरीच्या एका बाजूला एक भाऊ आणि त्याचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला दुसरा. मधे आईची पेटी. दोघेही माती टाकतात, दोघांचेही डोळे भरलेले असतात, पण एकमेकांकडे कुणी पाहत नाही. कारण विचारले तर वाडीचा बांध, विहिरीचे पाणी, बिल्डरला दिलेल्या जागेतला वाटा, कुठल्याशा लग्नात न आलेले आमंत्रण. ज्या हातभर जमिनीसाठी बोलणे तुटले, तिच्याहून जास्त जमीन त्या पेटीला लागलेली असते, आणि आई ती जमीनही कुणाकडे मागत नाही.

२०२० आणि २०२१ साली महामारीत पुष्कळ कुटुंबांना मूठभर माती टाकणेही नशिबी आले नाही. लोक लांब उभे राहिले, काहींनी मोबाईलवर पाहिले, काही स्वतःच इस्पितळात होते. २०२१ च्या राखेच्या बुधवारी तर व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे धर्मगुरूंनी ते वाक्य सर्वांसाठी एकदाच म्हटले आणि पुढे काही न बोलता एकेकाला राख दिली. त्या वर्षी ते वाक्य प्रत्येकाला वेगळे सांगण्याची गरजही नव्हती. तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की, यातून वाचलो तर भांडणतंटे सोडू. वाचलो. भांडणे सोडली का?

क्षमेविषयी बोलताना थोडे नीट बोलायला हवे. क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. तुमचा वाटा कुणी बळकावला असेल तर तुम्ही न्याय मागू शकता. दावा कोर्टात असू द्या, पण भावाच्या घरी ताप आला तर विचारपूस करायला कोर्टाची मनाई नाही. मारझोड सोसणाऱ्या स्त्रीला, "क्षमा कर आणि परत जा," असे प्रभूच्या नावाने कुणी सांगू नये. तिने सुरक्षित राहावे, हाच आधी धर्म. आणि ज्याने दुसऱ्याचे घेतले आहे, त्याने जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचावी. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो नुसते "चुकलो" म्हणून थांबला नाही. फसवून घेतलेले चौपट परत करायला तो उभा राहिला. पश्चात्ताप खिशापर्यंत पोचला तेव्हाच त्याच्या घराला तारण मिळाले.

बहिणीची सही

हा विषय देवळाच्या पत्रकात कशाला, असे कुणाला वाटेल. पण मरणाची आठवण जर खरी असेल तर ती कपाळावरून कागदापर्यंत यायला हवी. आपल्या घरांतली किती भांडणे आईवडिलांच्या मरणानंतर सुरू होतात! महिन्याची मिस्सा व्हायच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. "तुला लग्नात दिले की," असे म्हणून तिची सही मागितली जाते. ती माहेर तुटेल या भीतीने सही करते, किंवा नाही म्हणते आणि माहेर तुटते.

महाराष्ट्रातील आपणां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान मिळते. मुलगा आणि मुलगी असा फरक त्यात नाही. बहिणीने स्वखुशीने, समजून-उमजून आपला वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तिच्या रडण्याचा फायदा घेऊन मिळवलेली सही कायद्याने चालली तरी पापनिवेदनाच्या वेळी ती आठवावी लागेल.

मृत्युपत्र करणे अशुभ नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला साधा कागदही चालतो. ज्याला त्यातून काही मिळणार आहे, त्याला मात्र साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी आपल्या दफनाविषयी लिहून ठेवले. कबर जमिनीत असावी, साधी असावी, वेगळी सजावट नको, फक्त लॅटिनमध्ये आपले नाव असावे, इतकेच त्यांनी मागितले. २० एप्रिल २०२५ च्या ईस्टरला त्यांनी थकलेल्या आवाजात लोकांना आशीर्वाद दिला, चौकातून गाडीने फिरून लोकांना भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचे काम चालू होते आणि मरणाची तयारी मात्र जवळजवळ तीन वर्षे आधी झालेली होती. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

उशीर झाला असेल तर

हे वाचताना काहींच्या मनात एक नाव आले असेल आणि ते नाव आता दफनभूमीतल्या दगडावर असेल. ज्याच्याशी बोलायचे होते तो गेला. त्यांना मी काय सांगू? "विसरा," असे सांगणे सोपे आहे, पण खोटे आहे.

आपली श्रद्धा सांगते की मरणाने नाते तुटत नाही. मक्काबींच्या ग्रंथात यहूदा आपल्या पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी बली अर्पण करायला पैसे पाठवतो. ख्रिस्तसभाही पहिल्यापासून मृतांसाठी प्रार्थना करीत आली आहे. त्या व्यक्तीच्या नावाने मिस्सा ठेवा. तिच्या कबरीपाशी जाऊन जे बोलायचे राहिले ते बोला. दोन नोव्हेंबरची वाट पाहू नका. प्रायश्चित्त संस्कारात ते ओझे उतरवा. आणि मग तिच्या मुलांकडे जा. बापाशी धरलेला अबोला मुलांशी बोलून सोडता येतो. ऋण ज्याचे होते त्याला फेडता आले नाही तर त्याच्या घरात फेडावे. देवाला हा हिशेब कळतो.

राब

आता राखेकडे पुन्हा एकदा पाहू. शहरी माणसाला राख म्हणजे शेवट वाटतो. शेतकऱ्याला तसे वाटत नाही. आपल्या आयाबाया वालाच्या आणि चवळीच्या वेलांवर मावा पडला की चुलीतली राख फुंकायच्या. बियाणे टिकावे म्हणून ते राखेत घोळवून ठेवायच्या. आणि या वसई-पालघर पट्ट्यात जुन्या लोकांना राब माहीत आहे. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण प्रायश्चित्तकाळात आणि त्याच्या पुढे, भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा आणि गवत अंथरायचे, वर मातीचा थर द्यायचा आणि ते सावकाश भाजायचे. तणाचे बी मरते, जमीन मोकळी होते, राख मातीत मिसळते. पाऊस पडला की त्याच राखेत बी पेरायचे. आधी सगळे काळे दिसते आणि काही दिवसांत तिथेच आवणाचा हिरवागार चौकोन उभा राहतो. आता भातशेती कमी झाली, कृषितज्ज्ञही राब न भाजता रोपे करण्याच्या पद्धती सांगतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण त्या काळ्या तुकड्याने शिकवलेले आपण विसरू नये.

राब भाजताना शेतकरी सगळे रान पेटवीत नाही. ठराविक तुकडा घेतो. आपणही चाळीस दिवसांत सारे आयुष्य बदलायला निघतो आणि दुसऱ्या आठवड्यात थकतो. एकच तुकडा घ्या. एक रुसवा, एक सवय, एक राहिलेले देणे. दुसरी गोष्ट अशी की, शेतकरी जमीन भाजतो, पण पाऊस पाडीत नाही. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म हे आपले काम. नवे जीवन देणे हे देवाचे काम. पुनरुत्थान आपल्या निश्चयातून येत नाही, ते कृपेने येते. पण जमीन तयार नसेल तर पाऊस नुसता वाहून जातो.

या चाळीस दिवसांत

राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत सर्वांना उपवास आहे. १४ वर्षांपासून पुढे सर्वांना मांसाहार वर्ज्य आहे. आजारी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या प्रकृतीकडे पाहावे. मटण सोडून त्याहून महाग पापलेट आणण्यात प्रायश्चित्त नाही, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको! वाचलेले पैसे कुठे जातात ते पाहा. उपाशी पोट हेही मरणाची एक लहानशी आठवण आहे. आपण आपल्या बळावर जगत नाही, हे ते आपल्याला दुपारी बारा वाजताच सांगते.

यासोबत प्रत्येक घराला माझी एक विनंती आहे. बुधवारी कपाळावरची राख पुसण्याआधी एक नाव मनात धरा. ज्याच्याशी बोलणे बंद आहे असे एक नाव. वेदीपाशी दान आणताना भावाशी बिघडलेले आठवले तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, अशी प्रभूची शिकवण आहे. म्हणून ईस्टरच्या पास्काविधीला येण्यापूर्वी त्या व्यक्तीकडे एकदा जा. फोन करा, किंवा क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर देवळाच्या आवारात तिच्याजवळ जाऊन उभे राहा. तिने तोंड फिरवले तरी तुमची मूठ रिकामी झाली असेल. आणि तिने तोंड फिरवले नाही, तर या वर्षीच्या पुनरुत्थानाची पहिली बातमी तुमच्याच घरून आम्हांला कळेल.

येत्या बुधवारी मिस्सेच्या वेळा आणि पापनिवेदनाच्या वेळा देवळाच्या फलकावर लावल्या आहेत. आजारी आणि वयोवृद्ध व्यक्तींना घरी राख आणि ख्रिस्तप्रसाद हवा असल्यास आपापल्या विभागप्रमुखांना कळवावे.

मातीतून आपल्याला घडवणारा आणि मातीतून आपल्याला उठवणारा परमेश्वर या पवित्र काळात आपणां सर्वांना, आपल्या घरांना आणि आपल्या मृतांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू